तीन महिने झाले, नुसती बर काढतोय!

गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की माझी अप्रेंटिसशिप कानशीनं सुरू झाली आणि लेथला हात लावायला पाचवा महिना उजाडला. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक पोरं चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली अशा कुठल्या ना कुठल्या एमआयडीसीत मशीन शॉपला लागलेली आहेत, दोनचार पत्रं आईबापांचीही आहेत. सगळी छापायला जागा नाही, सहा घेतलीत. नावं कोणाचीच टाकत नाही, सुपरवायझर लोकही मासिकं वाचतात.

प्रश्न: काका, मी बार्शीकडचा. आयटीआय मशिनिस्ट केलं, मार्क चांगले पडले. आता चाकणला एका प्रिसिजन पार्ट्सच्या शॉपमध्ये अप्रेंटिस आहे. तीन महिने झाले, सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत नुसती बर (कापल्यावर कडेला उरणारी धातूची धारदार कोर) काढायची, जॉब (मशीनवर बनलेले पार्ट) पुसायचे, ट्रेमध्ये लावायचे. व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) हात लावू देत नाहीत. रूमवरचा मित्र म्हणतो सोड हे, डिलिव्हरीत ह्याच्यापेक्षा जास्त सुटतात. काय करू?

उत्तर: तुझ्या मित्राचा हिशोब चुकलेला नाही, आज पैसे डिलिव्हरीतच जास्त सुटतील, ते मी नाकारत नाही. पण तीन महिने बर काढून तू काय बघितलंस ते तुझ्या पत्रात कुठंच नाही, आणि माझा खरा प्रश्न तोच आहे.

बर जॉबच्या कुठल्या कडेला येते? टूल ज्या बाजूनं बाहेर पडतं त्या बाजूला. म्हणजे नुसती बर बघून टूल कुठून कुठं गेलं हे तुला प्रोग्रॅम न बघता सांगता आलं पाहिजे. सकाळी पहिल्या ट्रेमधल्या जॉबची बर नखानं निघते आणि दुपारी तीनच्या ट्रेमधली स्क्रेपरनंही निघत नाही, असं झालंय ना कधी? झालंच असणार. ते इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचं कापणारं पातं, गेल्याचं लक्षण आहे. ऑपरेटरच्या लक्षात यायच्या आधी ते तुझ्या बोटाला कळतं, कारण प्रत्येक जॉब हातातून तुझ्याच जातो. एकदा जाऊन शांतपणे सांग, दादा, बर वाढलीय, इन्सर्ट बघता का. हो म्हणाला तर त्या दिवसापासून तू नुसता पुसणारा पोरगा राहत नाहीस. नाही म्हणाला तर गप्प बस आणि पुढचे दहा जॉब बघ, मापात फरक पडलेला दिसेलच.

दुसरं म्हणजे बर राहिली की काय होतं ते स्वतः करून बघ. बर असलेला जॉब वाईसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या शिकंज्यात, ठेवला की तो बसतच नाही, खाली दोन-तीन शतांश मिलिमीटर उचललेला राहतो. मग वरचा फेस मशीन कितीही भारी असलं तरी तिरका निघणार आणि शिव्या मशीनला. इन्स्पेक्शनमधल्या माणसाशी ओळख काढ, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं माग, एकच जॉब बर असताना आणि बर काढून असा दोनदा मोज. हे तुला आयटीआयच्या वहीत लिहून दिलं असेल, पण आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की तो विसरत नाही.

माझंच सांगतो. आमच्या उस्तादांनी मला एमएसचा (माइल्ड स्टीलचा) चौकोनी तुकडा दिला आणि सांगितलं, सगळ्या बाजू ५० मिमीला आण, सगळे कोपरे काटकोनात, फरक ०.०५ च्या आत. मला वाटलं दोन दिवसांचं काम. कानस पुढं ढकलताना हात हलतो, मग फेस मधे फुगीर राहतो आणि कडा पडतात, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडं धरलं की खालून चंद्रकोर दिसते. ती चंद्रकोर घालवायला गेलो की शेजारचा फेस बिघडायचा. कानशीचे दात भरायचे, खडू फासायला कोणी सांगितलं नव्हतं, ओरखडे पडायचे. शेवटी काटकोन जमला तेव्हा तुकडा ४३ चा उरला होता. उस्ताद काही बोलले नाहीत, तो पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवून दिला आणि शॉपमध्ये येणारा प्रत्येक जण मला विचारायचा की हा ५० चा का नाही रे. पण त्या सहा आठवड्यांत मी घासण्यापेक्षा मोजायला जास्त शिकलो, दहा मिनिटं कानस आणि अर्धा तास गुण्या. पुढं मशीनवर गेलो तेव्हा हँडल फिरवायला आठवड्यात जमलं, मोजायची सवय मात्र त्या तुकड्यानं लावली होती आणि शॉपमध्ये माणसाची किंमत त्याच्यावरच ठरते हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून लगेच सोडू नकोस. पण आयुष्यभर बर काढत बस असंही म्हणत नाही, कारण काही शॉपवाले फुकटचा हेल्पर म्हणूनच अप्रेंटिस घेतात हेही मला माहीत आहे. सुपरवायझरकडं मशीन मागू नकोस, ‘फर्स्ट पीस’ माग. म्हणजे सेटिंग झाल्यावर पहिला जॉब निघतो आणि त्याची सगळी मापं घेतात, तेव्हा मला शेजारी उभं राहू द्या, एवढंच. ह्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. वही ठेव, कुठलं टूल, किती आरपीएम, किती फीड (टूल पुढं सरकायचा वेग), काय बिघडलं ते लिही. ड्रॉइंगचा फोटो मात्र मोबाइलवर काढू नकोस, बऱ्याच शॉपमध्ये त्यावरून थेट घरी पाठवतात. आयटीआयनंतरची तुझी अप्रेंटिसशिप वर्षभराची, त्यातले तीन महिने गेले. सहाव्या महिन्यातही हेच चाललं असेल तर पुढचं उत्तर वाच.

प्रश्न: सर, वाळूजला आहे. आम्ही सहा अप्रेंटिस, नेहमीच्या ऑपरेटरसारखंच प्रॉडक्शन काढून घेतात, शिफ्ट संपल्यावर थांबायला लावतात. करारावर सही घेतली पण कागद हातात दिला नाही. वर्ष झाल्यावर परमनंट करू म्हणतात. खरं असतं का हे?

उत्तर: करारापासून सुरू करतो कारण सगळं तिथंच अडकतं. अप्रेंटिसेस ॲक्ट १९६१ चा आहे आणि त्याखाली तुझा करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे. तुझ्या स्वतःच्या लॉगिनमध्ये तो दिसतो, आज रात्री रूमवर गेल्यावर बघ. दिसत नसेल तर तू कायद्यानं अप्रेंटिस नाहीस, कंपनीनं नुसतं तोंडी नाव दिलंय. मग अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसता येणार नाही आणि राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळणार नाही, म्हणजे वर्ष गेलं आणि हातात एक्सपिरियन्स लेटर, तेही दिलं तर.

करार असेल तर कायदा सांगतो की तू शिकाऊ आहेस, कामगार नाहीस. ह्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी निघतो. कामगाराचे सगळे हक्क तुला नाहीत. पण ओव्हरटाइमही तुझ्याकडून असाच घेता येत नाही, त्याला अप्रेंटिसशिप ॲडव्हायझर ह्या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि तीसुद्धा शिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच. मशीनवर काही लागलं तर भरपाईचा कायदा तुलाही लागू आहे, त्यामुळं बोट कापलं आणि ‘तू तर शिकाऊ’ असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. स्टायपेंड २०१९ च्या नियमांत आयटीआय पाससाठी महिना किमान ७००० रुपये ठरवला होता, आत्ताचा आकडा पोर्टलवर तपास. त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार आपल्या योजनेतून देतं आणि ते आता थेट मुलाच्या बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं आहे का तेवढं बघून घे.

परमनंटचं म्हणशील तर करारातच तशी अट लिहिलेली नसेल तर कायद्यात तसं बंधन मालकावर नाही. कुणी कुणी घेतात, चांगला पोरगा सोडायला कोणालाच आवडत नाही. पण ‘करू’ हा शब्द तोंडी असेल तर तो तोंडीच समज. तक्रार करायचीच झाली तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये बीटीआरआय (अप्रेंटिसांचं काम बघणारं केंद्र) असतं, तिथं सहाही जणांनी मिळून जा, एकट्यानं जाऊ नकोस.

प्रश्न: नमस्कार. मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर शिकतोय. ५० मिमीचा शाफ्ट, एच ६. मशीनवर डिजिटल मायक्रोमीटरनं मोजला ४९.९९२, ओके म्हणून पाठवला. क्यूसीतून (तपासणी विभागातून) परत आला, ४९.९७६, रिजेक्ट. दोन वेळा असं झालं. मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेला आहे. सगळे म्हणतात तुला मोजता येत नाही.

उत्तर: ह्या पत्रानं मला खरंच मजा आली, कारण तुझंही बरोबर आहे आणि क्यूसीचंही.

एच ६ म्हणजे ५० च्या शाफ्टला टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ५०.००० पासून खाली ४९.९८४ पर्यंत. तुझ्यात आणि क्यूसीत फरकही नेमका १६ चा. म्हणजे अख्खा टॉलरन्स कुठंतरी गायब होतोय. माझा अंदाज असा की तू जॉब चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढल्या काढल्या मोजतोयस. स्टील एक मीटर लांबीला एका डिग्रीमागं साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. तुझा जॉब मायक्रोमीटरपेक्षा ३० डिग्रीनं गरम असेल, म्हणजे हाताला चांगला चटका लागतो तेवढा, तर ५० मिमीवर हिशोब होतो १७ मायक्रॉन. तू मोजलास फुगलेला शाफ्ट, क्यूसीनं मोजला निवलेला. जगभर मापं २० डिग्रीला धरतात ते ह्यासाठीच, आणि म्हणूनच क्यूसीच्या रूमला एसी असतो. तो साहेबांसाठी नसतो, हे आमच्या शॉपमधल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही, एप्रिलमध्ये सगळे काही ना काही निमित्त काढून तिथं जाऊन उभे राहायचे. ॲल्युमिनियम असतं तर हाच फरक दुप्पट झाला असता.

करून बघ. एक जॉब काढ, लगेच मोज, आकडा लिही. सरफेस प्लेटवर ठेव, पाच मिनिटांनी मोज, मग दहानं, मग अर्ध्या तासानं. आकडा खाली खाली सरकताना दिसेल आणि एका ठिकाणी थांबेल. ती वहीतली चार ओळींची यादी घेऊन सुपरवायझरकडं जा, ‘मला मोजता येतं’ असं तोंडानं सांगायची गरजच पडणार नाही. त्यानंतर एक तर निवल्यावर मोजायचं किंवा गरम असताना किती जास्त ठेवायचं ते ठरवून घ्यायचं, हे शॉपनं ठरवावं, तू स्वतःच्या मनानं ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) मारू नकोस.

अंदाज चुकला तर बाकीचं तपास. सकाळी पहिलं काम झिरो, दोन्ही फेस मऊ कपड्यानं पुसून. रॅचेट (मायक्रोमीटरच्या टोकाची कटकट वाजणारी कळ) वापर, थिंबल (फिरवायची नळी) मुठीत धरून आवळलं की दोनचार मायक्रॉन सहज जातात, मात्र तसं केलं तर माप कमी येतं, तुझं जास्त आलंय. मायक्रोमीटर तासभर हातात किंवा खिशात ठेवत असशील तर ते बंद कर, तुझ्या हाताची ऊब त्यालाही लागते.

प्रश्न: दादा, माझ्या हातून क्रॅश झाला. प्रोग्रॅममध्ये एक्स ५० लिहिलं, पॉइंट (दशांशचिन्ह) द्यायचा राहिला. टूल सरळ जॉबमध्ये घुसलं, होल्डर गेला. आता सायकल स्टार्टचं बटण दाबताना हात थरथरतो.

उत्तर: थरथरू दे, थोडे दिवस चांगलंच आहे ते. ज्यांना पॉइंटचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फॅनुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलवर आकड्याच्या मागं पॉइंट दिला नाही तर मशीन तो आकडा मायक्रॉनमध्ये वाचतं. तुम्ही लिहिलं ५०, तुमच्या डोक्यात ५० मिलिमीटर, मशीनच्या डोक्यात ०.०५० मिलिमीटर. मग टूल जवळजवळ सेंटरपर्यंत जायला निघतं आणि वाटेत जॉब असतो. काही मशीनवर हे पॅरामीटर बदललेलं असतं, त्यामुळं एका मशीनवर चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या मशीनवर ठोकतो, हे आणखी वाईट.

तुला कोणी ओरडलं असेल तर ते साहजिक आहे पण नवीन प्रोग्रॅमला तुला एकट्यानं स्टार्ट द्यायला लावलं ही चूक तुझी नाही. यापुढं असं कर: सिंगल ब्लॉक चालू (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ चालते), रॅपिड (टूलची वेगवान धाव) २५ टक्क्यांवर, एक बोट फीड होल्डवर (टूल थांबवायचं बटण). टूल जॉबच्या जवळ आलं की फीड होल्ड दाब आणि स्क्रीनवर ‘डिस्टन्स टू गो’ बघ, म्हणजे अजून किती जायचं बाकी आहे ते. डोळ्यांना टूल आणि जॉबमधे १० मिमी दिसतंय आणि स्क्रीन म्हणतेय ३५ बाकी, तर रिसेट मार आणि ज्याला कळतं त्याला बोलव. एवढी एक सवय लागली की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी राहूच दे, माझी नोकरी संपेपर्यंत गेली नव्हती. ऑफसेट टाकताना तरी मी आकडा मोठ्यानं वाचायचो, प्लस की मायनस तेही, आणि लोक हसायचे.

प्रश्न: मुलीला टर्नर ट्रेडला ॲडमिशन मिळतेय. तिची हौस आहे, घरात आजी नको म्हणते. जड काम, तेलकट, सगळे पुरुष. एक बाप म्हणून तुम्ही काय सांगाल? – कराडहून एक पालक

उत्तर: तेलकट आहे, ते खरं. कूलंटचा वास डब्यालाही लागतो. जड म्हणाल तर जड जॉब कोणीच हातानं उचलू नये, त्याला होइस्ट असतो, आणि जिथं नसतो तिथं पुरुषांच्याही कमरा जातात. मोजमाप, ग्राइंडिंग, बारीक सेटिंग ह्यात मी मुली फार चांगल्या बघितल्यात. पण कौतुकावर जाऊ नका. अप्रेंटिसशिपची वेळ आली की तुम्ही स्वतः त्या शॉपला जाऊन या, स्वच्छतागृह वेगळं आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, शिफ्ट सुटल्यावर बस आहे का आणि आत्ता तिथं आणखी किती मुली आहेत. एकही नसेल तर दुसरं शॉप बघा, पहिलीच होण्याचा भार सतरा-अठराच्या पोरीवर कशाला टाकायचा. आजींना ग्राइंडिंग केलेला एखादा चकचकीत जॉब आणून दाखवा, तोंड दिसतं त्यात.

प्रश्न: सोमवारी पहिला दिवस आहे. काय नेऊ? स्वतःचा मायक्रोमीटर घ्यावा का?

उत्तर: मायक्रोमीटर घेऊ नकोस. शॉपमध्ये प्रॉडक्शनला कॅलिब्रेशनचं स्टिकर असलेलंच साधन चालतं, तुझं पेटीतच राहील. १५० मिमीची चांगली स्टील स्केल घे, सेफ्टी शूज घे, कंपनी देणार असली तरी पहिला आठवडा देत नाही. पुसायला मार्किनच्या (जाड सुती) कपड्याचे दोन तुकडे, छोटी वही.

आणि काय घालू नकोस ते जास्त महत्त्वाचं. फिरत्या मशीनवर हँडग्लोव्हज कधीच नाही, ग्लोव्ह चिपमध्ये (धातूच्या कापलेल्या कातरात) अडकला की आतला हातही ओढला जातो. पूर्ण बाह्यांचा शर्ट नको. अंगठी, गळ्यातली चेन, मनगटातलं कडं, देवाचा गंडा-दोरा, सगळं गेटवर काढायचं. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं निम्म्या पोरांच्या हातात गोंडेवाल्या राख्या असायच्या आणि कोणी काढायला तयार नसायचं, बहिणीनं बांधलीय म्हणून. उस्ताद कात्री घेऊन दारात उभे राहायचे, ज्याला कापायची नाही त्यानं सोडून खिशात ठेवावी. चिप हातानं ओढू नकोस, हूक असतो. चक की (चक आवळायची किल्ली) चकमध्ये सोडून हात काढू नकोस, एक सेकंदही नाही. हवेचा पाइप स्वतःच्या अंगावर मारून कपडे झाडणारे सीनियर दिसतील, त्यांचं बघून करू नकोस, चिप डोळ्यात जाते.

पेन मात्र दोन ने, एक कोणीतरी ढापतंच.